लागू न पडलेली गोळी

अण्णा,

आज सकाळी उजव्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं. बोटं अजून ताठ आहेत आणि अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं येतंय, पण येतंय. सव्वा महिन्यापूर्वी आमच्या अपार्टमेंटच्या उतरणीवर ओल्या फरशीवरून घसरले आणि सगळा भार या हातावर आला. आम्ही सर्जापूर रोडला राहायला आलो ते तुमच्यामागे. तुम्ही गेलात तेव्हा मी के. आर. पुरमला होते. त्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हांला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही, आणि आज वाटलं ते काही हात मोडला म्हणून नाही. कारण वहिनी आहे. तुमच्याशी काही बोलायचं म्हटलं की मध्ये वहिनी येतेच. तुम्ही होतात तेव्हाही असंच व्हायचं.

वहिनी यायच्या आधी तुम्ही माझे होतात. वडिलांना असं लिहिताना पन्नाशीच्या बाईला लाज वाटायला हवी, पण तसंच होतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. दादा मोठा, मुलांबरोबर मैदानावर खेळायचा. मी शाळा सुटली की थेट बसवनगुडीतल्या तुमच्या त्या एका खोलीच्या वर्कशॉपमध्ये. कॉलेजांच्या प्रयोगशाळांतले, औषधांच्या दुकानांतले काचेच्या पेटीतले नाजूक तराजू तुमच्याकडे दुरुस्तीला यायचे. तुम्ही पेटीचं दार वर सरकवायचात आणि मी श्वास रोखून धरायची, कारण श्वासानेसुद्धा काटा हलतो हे तुम्हीच सांगितलं होतं. मी फार्मसीला गेले ते त्या खोलीमुळेच. प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही मला मखमलीच्या खाचांत बसवलेली वजनांची लाकडी डबी दिलीत, चिमट्यासकट. म्हणालात, "वजनाला बोट लावायचं नाही, पुट्टी. बोटाचं तेलही वजनात येतं." पुट्टी म्हणजे कानडीत लहानगी. आपल्या घरातलं अर्धं प्रेम कानडीतच बोललं जायचं. दादाला तुम्ही नावाने हाक मारायचात. पुट्टी मी एकटी होते.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी धारवाडकडच्या मराठी घरातली, बारावी झालेली, कमी बोलणारी. पुढे माझंही लग्न झालं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी तुमच्याकडे आले होते. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते आणि तुम्ही मागच्या अंगणातून हाक मारलीत, "पुट्टी, स्वल्प कॉफी दे ग." मी "आणते" म्हणून उठले. स्वयंपाकघरात पोचते तर वहिनी कॉफीचा लोटा घेऊन अंगणात निघालेलीसुद्धा होती. तिने माझ्याकडे पाहिलं, लोटा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही देता?" मी म्हटलं, "नको, तुम्हांलाच हाक मारलीय." तिला त्यातलं काही कळलं नसावं असं मी तेव्हा धरून चालले. त्या दिवशी लवकर निघाले आणि बसमध्ये रडले. एका शब्दासाठी.

तुमचं दुखणं कळलं तेव्हा ते हाडांत पसरलं होतं. कमरेत, मांडीच्या हाडात. डॉक्टरांनी सुरुवातीला जी गोळी लिहून दिली ती पाहून मला, खरं सांगते, आनंद झाला. मी तेव्हा कंपनीत दुखण्यावरच्या गोळ्यांचंच काम करत होते. गोळी पोटात किती वेळात विरघळते, रक्तात किती चढते, किती तासांनी उतरते, हे माझं रोजचं. या घरात जे फक्त मलाच कळत होतं ते आता तुमच्या कामी येणार होतं. वहिनी जेवायला वाढेल, अंग पुसेल, चादर बदलेल; पण गोळी माझी. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्हांला समोर बसवून सगळं समजावलं. वहिनी पलीकडे अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत होती. तुम्ही विचारलंत, "पण दुखतं कुठे हे गोळीला कसं कळतं?"

"कळत नाही, अण्णा. ती सगळीकडे जाते. आतड्यातून रक्तात, आणि तिथून आधी लिव्हरमध्ये. ही गोळी स्वतः फारसं काही करत नाही. लिव्हरमध्ये तिच्यातल्या थोड्या भागाचं रूप बदलतं, त्याचं मॉर्फिन होतं. दुखणं कमी करतं ते तेवढंच."

"म्हणजे माझं लिव्हर कारखाना."

"हो."

"आणि कामगार रजेवर असले तर?"

आपण दोघंही हसलो. वहिनीही हसली आणि मला ते आवडलं नाही, कारण ते बोलणं तुमचं आणि माझं होतं. तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे हे मला माहीत होतं, अण्णा. काही माणसांच्या यकृतात तो एक एन्झाइम जन्मतःच काम करत नाही. अशी माणसं चारचौघांसारखीच दिसतात, जगतात, त्यांना काही कमी नसतं. फक्त ही गोळी त्यांना लागू पडत नाही. दोन द्या, चार द्या, लिव्हरमधून ती जशी आली तशी निघून जाते. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. त्या दिवशी बोलले नाही, कारण तसं तुमच्या बाबतीत असेल असं वाटलंच नाही.

दहाबारा दिवसांनी मी आले तेव्हा वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं. भाताचं पाणी उतू जात होतं तरी तिने गॅस बारीक केला नाही. हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, मामंजींना त्या गोळीनं काही फरक नाही. काहीच नाही. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत. मला शपथ घातलीय."

मला आठवतंय की आधी मला ऐकू आलं ते फक्त शेवटचं वाक्य. तुम्ही तिला शपथ घातली होती. म्हणजे तुमचं खरं दुखणं तिच्यापाशी होतं आणि माझ्यापाशी तुम्ही ठेवली होती एक चांगली वागणूक. मी म्हटलं, "वहिनी, औषधं शरीरात बसायला वेळ लागतो. तुम्हांला त्यातलं काय कळतं?" आणि तशीच तुमच्या खोलीत गेले. मी आलेय म्हटल्यावर तुम्ही उशीला टेकून उठून बसला होतात, केस विंचरलेले. "अण्णा, खरं सांगा. किती दुखतं?"

"कमी आहे ग. तुझी गोळी चांगली आहे."

वहिनी दारात उभी होती. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते लिहीत नाही. तिने खाली बघितलं आणि ती भाताकडे गेली.

आता जे लिहायचं ते हे. परत जाताना बसमध्ये, टाउन हॉल ओलांडायच्या आत, मला सगळं कळलं होतं. कामगार रजेवर. वहिनी म्हणत होती ते तंतोतंत तसंच होतं. थोडा फरक, मध्येमध्ये फरक असं ती म्हणाली नव्हती. काहीच नाही असं म्हणाली होती. घरी पोचून डॉक्टरांना एक फोन करायचा होता. तो केला असता तर दुसऱ्या दिवशी औषध बदललं असतं. मी तो केला नाही. मी स्वतःला सांगितलं की आणखी दोन दिवस बघू. मग आणखी दोन. अण्णा, ती गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितली असती, नर्सने, शेजारच्या काकूंनी, तर मी धावत सुटले असते. तिच्या तोंडून आली म्हणून ती मला खरी व्हायला नको होती. तिचं खरं ठरलं असतं तर तुमच्याबद्दल माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे हेही खरं ठरलं असतं. नऊ दिवस गेले. मी त्यात दोनदा येऊन गेले, तुम्ही दोन्ही वेळा उठून बसलात, आणि दोन्ही वेळा मी नवीन पाकीट ठेवून आले.

दहाव्या दिवशी दुपारी मी न कळवता आले. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. तुमच्या खोलीच्या दारातून दिसलं ते अजून दिसतं. तुम्ही कुशीवर आहात, तोंडात पंचाचं टोक धरलंय, आणि दोन्ही हातांनी वहिनीचं मनगट घट्ट पकडलंय. वहिनी जमिनीवर बसलीय, तिचा हात लालबुंद झालाय आणि ती तो सोडवत नाही. तुम्ही रडताय. आई गेली तेव्हाही मी तुम्हांला रडताना पाहिलं नव्हतं. आणि तिथे दारात उभी राहून मला आधी तुमची कीव आली नाही. आधी वाटलं की ते मनगट माझं का नाही. मग तुम्ही मला पाहिलंत, पंचा तोंडातून काढलात आणि उठायला लागलात. म्हणालात, "ये पुट्टी. बस. जेवलीस?"

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी मॉर्फिन सुरू केलं. लिव्हरने रूप बदलून द्यायची त्याला गरज नसते. ते मूळचंच ते असतं. त्यांनी मला विचारलं, "आधीच्या गोळीचा उपयोग होत नाही हे कधीपासून लक्षात आलं?" मी म्हटलं, "काल-परवापासून." वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने लाल झालेलं मनगट पदराखाली घेतलं. पाऊण तासाने तुमच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि तुम्ही कॉफी मागितलीत. दर चार तासांची ती गोळी, मग बारा तास पुरणारी, जी फोडायची नाही, चावायची नाही, कारण फोडली तर बारा तासांचं औषध एकदम रक्तात येतं. मी वेळा लिहून दिल्या आणि वहिनीने त्या पाळल्या. एकदाही चुकली नाही. चुकावी असं मला वाटायचं का? नाही, तेवढी मी वाईट नव्हते. पण तिने बरोबर केलं की आनंदही व्हायचा नाही.

शेवटच्या महिन्यात गिळणं बंद झालं तेव्हा पॅच आला. दंडावर किंवा पाठीवर चिकटवायचा, तीन दिवस राहतो, औषध कातडीतून हळूहळू आत जातं, पोट नाही, लिव्हरचा तो पहिला फेरा नाही. चिकटवल्यावर तळहाताने अर्धं मिनिट दाबून धरावा लागतो. मी वहिनीला सगळं समजावून सांगितलं: जागा साबणाने धुवायची नाही, नुसत्या पाण्याने पुसायची, गरम पाण्याची पिशवी जवळ आणायची नाही, उष्णतेने औषध भराभर आत जातं. मग मी पाकीट फोडलं आणि तुमच्या पाठीशी गेले. तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, "तिला लावू दे. तिचे हात गरम असतात." मी तो पॅच तिच्या हातात दिला. तिने तळहात तुमच्या पाठीवर ठेवला, आणि मी घड्याळाकडे बघत अर्धं मिनिट मोजलं. माझं काम तेवढंच राहिलं होतं.

तुम्ही गेलात त्यानंतर वहिनीशी मी वाईट वागले नाही. सणाला गेले, साड्या दिल्या, तिच्या मुलीच्या ॲडमिशनसाठी धावपळ केली. सगळं केलं आणि तिच्याजवळ बसले मात्र नाही.

हात मोडला तेव्हा डॉक्टरांनी मला जी गोळी दिली ती त्याच कुळातली, यकृताने रूप बदलून दिल्याशिवाय पुरतं काम न करणारी. दोन दिवस घेतली, तीन दिवस घेतली. हात ठणकायचा तो ठणकतच होता. चौथ्या दिवशी डाव्या हाताने फोन करून मी एका जुन्या सहकारी मैत्रिणीला घरी बोलावलं. तिच्या लॅबमध्ये आता या गोष्टींची तपासणी होते. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला, संपलं. आठवड्याने रिपोर्ट आला. तो एन्झाइम माझ्यात नाही. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक वडिलांकडून, एक आईकडून, आणि दोन्ही बिघडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे अर्धं आईचं आहे, जिचा चेहराही मला नीट आठवत नाही, आणि अर्धं तुमचं. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या हिने, म्हणजे माझ्या लेकीने, विचारलं, "आई, एवढं काय हसतेयस? चांगलं आलंय का?" मी म्हटलं, "चांगलंही नाही, वाईटही नाही. आहे ते आहे." खोटं बोलले. मला फार चांगलं वाटत होतं. वहिनीला सगळं मिळालं होतं: तुमची शपथ, तुमचं रडणं, पुट्टी हा शब्द, तुमची पाठ. पण हे तिला कुणी देऊ शकत नव्हतं.

गेल्या रविवारी ती आली. साठी उलटलीय आता, गुडघे दुखतात, तरी मेट्रो आणि मग ऑटो करून बसवनगुडीहून इतक्या लांब. डब्यात हुळी, म्हणजे सांबार, आणि भात. माझे केस बघून म्हणाली, "हे काय जटा करून ठेवल्यात? बसा." लेकीला माझी वेणी घालता येत नाही. मी खाली बसले, ती मागे खुर्चीवर. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही मला सांगितलंत ना, गोळीचा उपयोग नाही म्हणून, तेव्हा मला त्याच दिवशी पटलं होतं. मी मुद्दाम नऊ दिवस काही केलं नाही."

कंगवा थांबला नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्हांला पटलं होतं ते. तुम्ही गेल्यावर मी मामंजींना म्हटलं, वन्संना राग आला, आता मीच डॉक्टरांना फोन करते. ते म्हणाले, नको. तू सांगितलंस ते तिला पटलंय, म्हणूनच लागलंय. दोनदा सांगू नकोस, ती आपणहून दुसरं औषध घेऊन येईल. रोज म्हणायचे, आज घेऊन येईल."

तिने एक गुंता धरला, वरून घट्ट पकडून खालून सोडवला, दुखू न देता. मग म्हणाली, "मी ऐकायला नको होतं त्यांचं. फोन करायला हवा होता मी. पण मलाही राग होता, वन्सं. तुम्ही यायच्या म्हटलं की ते तासभर आधी केस विंचरून घ्यायचे, उशा लावायला सांगायचे. दुखत असताना. उठून बसायचे तुमच्यासाठी. माझ्यासाठी कधी कुणी असं उठून बसलं नाही. मला वाटायचं, बसू देत की आणखी एक दिवस, कळू दे हिचं हिलाच. मी पण तशीच होते."

तिने वेणी बांधली, रबर लावलं, पाठीवर सोडली. अण्णा, मला वाटलं होतं की हे बोलले की हलकं वाटेल. वाटलंही. पण त्याच्याही आधी जे वाटलं ते सांगते: तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलत होतात. नऊ दिवस रोज, माझी वाट बघत, त्या खोलीत, तुम्ही आणि ती. त्याचाही मला हेवा वाटला. मग मी उठून तो रिपोर्ट आणला आणि तिच्यापुढे ठेवला. तिला त्याची काही गरज नव्हती. तिने चष्मा लावून तो वाचला, कळला नाही, मी समजावून सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे मामंजींचंच आलंय तुमच्यात," आणि कागद परत देताना माझ्या मोडक्या हाताखाली स्वतःचा हात धरला. तिचे हात खरंच गरम आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. वहिनीला वाचायला देईन असं एकदा मनात आलं, पण तिला सांगितलं नाही असं एक राहिलंय, आणि ते मी तिला सांगणारही नाही. रिपोर्ट आला त्या दिवशीच मी डॉक्टरांना फोन करून दुसरं औषध मागायला हवं होतं. मी नाही मागितलं. पुढचे चार दिवस तीच गोळी वेळेवर घेत राहिले, काही होणार नाही हे पक्कं माहीत असताना. हात दुखत होता, फार दुखत होता, आणि ते चार दिवस तुमच्याजवळ मी एकटीच होते.